‘बोन टॉमाहॉक’ वेस्टर्न आहे की भयपट? बघावा का?

रक्तपात सहन होत असेल तर जरूर बघा. दिग्दर्शक म्हणून एस. क्रेग झालर यांचा हा पहिलाच चित्रपट, २०१५चा. नरभक्षक टोळीने पळवून नेलेल्या माणसांना सोडवायला शेरीफ तिघांना घेऊन निघतो, ही वेस्टर्नची जुनीच गोष्ट. पण इथे खरा जीव वाटचालीत आहे. पॅट्रिक विल्सनचा आर्थर मोडका पाय घेऊन बायकोच्या शोधात निघतो; घोडे चोरीला गेल्यावर कुबडीवर फरफटत चालतो. त्याच्या प्रत्येक पावलाला आपल्याच पायात कळ येते. आणि रिचर्ड जेंकिन्सचा म्हातारा चिकोरी! टोळीच्या गुहेतल्या पिंजऱ्यात, मरण समोर उभं असताना तो पिसवांच्या सर्कशीबद्दल बोलत राहतो. माझ्या मते चित्रपटाचा कळस तोच.

त्याच गुहेत एक हत्या कॅमेरा नजर न वळवता दाखवतो. तिथे वेस्टर्नचा भयपट होतो. मला ती हिंसा पटली, कारण तोवर ही माणसं आपली झालेली असतात.

खटकली ती नरभक्षक टोळी. ते आपले लोक नव्हेत, असं एका मूलनिवासी पात्राकडून वदवून घेतलंय खरं, पण जुन्या वेस्टर्नमधला ‘रानटी’ शत्रू तसाच उरतो.