कुटुंबपटातील प्रतिनिधित्व कसे तपासावे?

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या चित्रपट मंडळात गेल्या महिन्यात एक मराठी चित्रपट दाखवला. स्मृतिभ्रंश झालेली आई, तिच्या दोन मुली आणि आईच्या शुश्रूषेसाठी काणकोणहून आलेली बाई, एवढीच पात्रे. एका रात्री पेज भरवताना आई त्या बाईला धाकट्या मुलीच्या नावाने हाक मारते, बाई ‘ओ’ देते आणि कॅमेरा दारात उभ्या असलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर जातो. मला रडू आवरले नाही. चर्चेत मात्र एका सदस्याने धर्म, जात, भाषा, लिंग असे रकाने आखून गुण दिले आणि चित्रपट नापास ठरवला. हे योग्य आहे का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : आपल्या सदस्यांची तळमळ रास्त आहे, माप तेवढे अपुरे आहे. लक्ष्मीकांत शेटगावकर यांच्या २००९ सालच्या ‘पलतडचो मनीस’ या कोकणी चित्रपटाच्या केंद्रस्थानी एकाकी वनरक्षक आणि मनाचा तोल गेलेली एक स्त्री, अशी दोनच माणसे आहेत. रकाने भरत बसलो तर तोही नापास होईल. उलट, आपल्या चित्रपटात नाताळचे ताट घेऊन येणारे आणि लगेच निघून जाणारे ख्रिस्ती शेजारी घातले असते तर एक रकाना भरला असता, पण त्या शेजाऱ्यांविषयी आपल्याला काहीच कळले नसते. अ‍ॅलिसन बेक्डेल यांच्या १९८५ मधील चित्रमालिकेतून आलेली कसोटी, म्हणजे दोन स्त्रिया पुरुषाखेरीज अन्य विषयावर एकमेकींशी बोलतात का, हीसुद्धा आई आणि मुलींची कथा सहज पार करते; त्यामुळे इथे तिचा फारसा उपयोग नाही.

ज्या चित्रपटात घटनांपेक्षा मनातली उलथापालथ मोठी असते, तिथे मन कोणाकोणाला दिले आहे हे पाहावे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’मध्ये स्मृती हरवलेल्या संस्कृत पंडिताला माहुताची कानडी बोलणारी बायको लेकराप्रमाणे सांभाळते, दोघांची भाषा जुळत नाही, तरी ती केवळ सोय म्हणून आणलेली बाई वाटत नाही. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आपल्या चित्रपटातली काणकोणची बाई घरी फोन करते तेव्हा कोणत्या भाषेत बोलते, हे मंडळात कोणी लक्षात घेतले का? गोव्यात घरात कोकणी आणि वाचनात, कीर्तनात मराठी असलेली कितीतरी कुटुंबे आहेत. १९८७ च्या राजभाषा कायद्यानेही कोकणीला राजभाषा करताना मराठीच्या वापराची तरतूद ठेवली. अशा ठिकाणी ती बाई पुण्याची प्रमाण मराठी बोलत असेल तर तिचे गाव संवादात नुसते उच्चारले गेले, आणि तिची कोकणी फक्त हशा पिकवण्यासाठी असेल तर ते त्याहून वाईट.

आईविषयीही हेच विचारायला हवे, कारण आजारी माणसाचे चित्रण हाही प्रतिनिधित्वाचाच भाग आहे आणि तो रकान्यांत बहुधा सुटतो. मानसिक आरोग्यसेवा कायद्याने २०१७ मध्ये आपल्या उपचारांविषयीची इच्छा आधीच लिहून ठेवण्याचा हक्क दिला आहे. चित्रपटातल्या आईला मात्र कोणी एकदा तरी काही विचारते का, की ती केवळ मुलींच्या थकव्याचे कारण म्हणून पलंगावर आहे?

आता तो पेजेचा प्रसंग. दुसऱ्याच्या नावाला ‘ओ’ देताना त्या बाईला काय वाटले असेल? तिचीही आई काणकोणात असेल, कदाचित तिला भरवायला कोणी नसेल. नेमक्या त्याच क्षणी कॅमेरा तिला सोडून मुलीकडे गेला. आपले अश्रू खरे होते, पण ते मुलीसाठी होते. त्या बाईसाठी रडण्याची संधी दिग्दर्शकाने आपल्याला दिलीच नाही. चित्रपटाची उणीव मला तिथे दिसते, पात्रांच्या संख्येत नाही. पुढच्या बैठकीत तेवढा प्रसंग पुन्हा लावा आणि त्या सदस्यांना शेजारी बसवून पाहा.