पावडर आली ११ मेला

"मॅडम, सरळ सांगा, हिच्याकडून मोबाईल काढून घेऊ का?"

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी आया खुर्चीवर नीट टेकायच्या आधीच हे विचारतात. मुलगा जिमवाल्याचे व्हिडिओ बघून कसला तरी डबा मागवतो, मुलगी चेहऱ्याला भलतंच क्रीम फासते, कुणी कुणाचं बघून जेवण सोडतं. डॉक्टरांचं ऐकत नाहीत, आमचं तर नाहीच, पण त्या मोबाईलमधल्या माणसाचं बरोबर ऐकतात. मग काय करायचं? एका मुलीची गोष्ट सांगते, कारण तिच्या बाबतीत मी आधी सपशेल चुकले होते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि लिहायला तिची व घरच्यांची संमती आहे. रेवा म्हणू तिला.

रेवा अठरा वर्षांची, कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला. घर दांडिया बाजाराजवळ, तीन पिढ्या बडोद्यातच. बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर, फेब्रुवारीत, तिचं वजन भराभर उतरलं. रात्री चार-चारदा उठायची, बाटल्याच्या बाटल्या पाणी प्यायची. घरच्यांना वाटलं, बोर्डाचं टेन्शन. रक्त तपासलं तेव्हा टाइप १ मधुमेह निघाला. दिवसाला चार सुया, तीन जेवणाआधीच्या आणि एक रात्रीची, लांब चालणारी. पेपर तिने तसेच दिले.

हे घरातल्या माणसांना माहीत, बाहेर कुणालाच नाही. पुण्याच्या काकूला सांगितलं की टायफॉइड झाला होता. मुलीची जात, चार-पाच वर्षांनी स्थळं बघायची, तेव्हा कशाला बोभाटा, असं आजीचं म्हणणं आणि बाकीच्यांची मूक संमती.

जूनच्या मध्यावर आई तिला घेऊन आली. तक्रार अशी की हिने कसली तरी कारलं-जांभळाची पावडर मागवली आहे, दिवसभर एकाच माणसाचे व्हिडिओ बघते आणि इन्सुलिन हा कंपन्यांचा धंदा आहे म्हणते.

मी काय करावं? पंचवीस मिनिटं व्याख्यान दिलं. टाइप १ मध्ये शरीराची रोगप्रतिकार यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते, गोड खाण्याशी त्याचा संबंध नाही, मेलेल्या पेशी कुठल्याही चूर्णाने उठून बसत नाहीत, वगैरे. सगळं बरोबर होतं. रेवा माझ्या टेबलावरचा पेपरवेट फिरवत होती. उठताना विचारलं, "इन्सुलिन घेतेस ना गं नीट?"

"हो," ती म्हणाली.

अशा प्रश्नाला दुसरं उत्तर येतच नाही. "ना" आणि "नीट" घालून विचारलं की खोटं बोलायची सोय आपणच करून देतो. आता मी विचारते, "या आठवड्यात किती डोस राहून गेले?" राहून जातातच हे मीच आधी धरून चालले की मुलांना खरा आकडा सांगायला जड जात नाही. पण हे शहाणपण नंतरचं. रेवा पुढच्या वेळेला आली नाही, त्याच्या पुढच्या वेळेलाही नाही. मीही फोन केला नाही. कॉलेजचे प्रवेश चालू असतील, असं स्वतःला सांगितलं.

जुलैत पावसाने धरलं होतं. एका सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या, पोटात दुखायला लागलं. आदल्या संध्याकाळी मैत्रिणींबरोबर सेवउसळ खाल्ली होती, त्यामुळे सगळं खापर सेवउसळीवर. आजीने आल्या-लिंबाचा रस दिला. दुपारपर्यंत श्वास खोल आणि भराभर चालायला लागला, चार जिने चढून आल्यासारखा, आणि तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास. मग बाबांनी रिक्षात घातलं. कीटोॲसिडोसिस. इन्सुलिन नसलं की साखर रक्तात असूनही पेशींना मिळत नाही, शरीर चरबी जाळायला घेतं, त्यातून निघालेले कीटोन रक्त आम्ल करत जातात. उशीर झाला तर माणूस हातचा जातो. दोन रात्री ती आयसीयूत होती. तिथे कळलं की रात्रीचं इन्सुलिन तिने आठ युनिटवरून चारवर आणि चारवरून शून्यावर आणलं होतं. शून्याचा तो पाचवा दिवस.

पावसाळ्यातल्या उलट्या म्हणजे बाहेरचं खाणं, हे आपल्याकडे इतकं डोक्यात बसलं आहे की त्यापलीकडे कुणी बघत नाही. टाइप १ असलेल्या मुलाला उलट्या झाल्या तर आधी साखर आणि कीटोन बघायचे, आणि पोटात काही टिकत नाही म्हणून आपल्या मनाने इन्सुलिन बंद करायचं नाही, हे डॉक्टरांनी फेब्रुवारीतच सांगितलं होतं. फाइलमध्ये लिहूनही दिलं होतं. फाइल कपाटात, साड्यांच्या खाली. पाहुण्यांना दिसू नये म्हणून.

जुलैअखेर रेवा एकटी आली. या वेळी मी टेबलापलीकडची माझी खुर्ची सोडून तिच्या शेजारी बसले. म्हटलं, "त्या माणसाचा तुला सगळ्यात पटलेला व्हिडिओ दाखव." तिने माझ्याकडे संशयानेच बघितलं. सासूने सुनेला आज तूच भाजी ठरव म्हटल्यावर सून बघते तसं.

माणूस पन्नाशीचा, आवाज मऊ, मागे तुळशीवृंदावन. म्हणे बारा वर्षं गोळ्या खाल्ल्या, चार महिन्यांत वजन उतरवलं आणि गोळ्यांना हात जोडले.

"यातलं खरं काय वाटतं तुला?"

"सगळंच. तो खोटं बोलत असेल असं नाही वाटत मला."

खरं सांगायचं तर मलाही वाटलं नाही. तो टाइप २ चा रुग्ण असणार, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनतं पण पुरेसं लागू पडत नाही अशातला, आणि टाइप २ मध्ये हे होऊ शकतं. ब्रिटनमध्ये 'डायरेक्ट' नावाची चाचणी झाली, तिचे पहिल्या वर्षाचे निकाल २०१७ च्या शेवटी आले. डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी उष्मांकाचा आहार घेऊन वजन उतरवायच्या गटातल्या ४६ टक्के लोकांची साखर वर्षभरानंतर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. हे मी रेवाला सांगितलं, आणि त्या चाचणीत कुणाला घेतलं होतं ते शोधून आणायला लावलं. पुढच्या आठवड्यात आल्या आल्या तिनेच सांगितलं: फक्त टाइप २ चे, निदान होऊन सहा वर्षांच्या आतले, आणि इन्सुलिन घेणारा एकही नाही. "म्हणजे मी तिथे गेले असते तर मला दारातूनच परत पाठवलं असतं." आडनाव एक आणि कुळं वेगळी, तशातला प्रकार. दोन वेगळ्या रोगांना आपण एकच 'शुगर' म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो.

मला वाटलं, झालं काम. ती मात्र उठेना.

"पण मॅडम, माझी शुगर खरंच खाली आली होती. माझा दिवसाचा एकूण डोस अठ्ठावीसवरून बारावर आला होता. तो काय आपोआप आला?"

हा प्रश्न मी जूनमध्ये विचारायला हवा होता. व्हिडिओ बघून भुललेली मुलगी असं मी तिला धरून चालले होते, आणि तिच्या हातात तर स्वतःच्या बोटातून काढलेल्या रक्ताचे आकडे होते. स्वतःच्या अंगावर आलेला अनुभव व्याख्यानाने पुसला जात नाही.

"वही आण," म्हटलं.

चौकटीची शाळकरी वही, फेब्रुवारीपासून भरलेली. सुरुवातीला हिरव्या शाईत, पुढे मिळेल त्या पेनात, दोन पानांवर हळदीचे डाग. तारीख, चार वेळची साखर, चार डोस. आम्ही समासात पेन्सिलीने एकच गोष्ट नव्याने लिहायची ठरवली, पावडर कधी सुरू झाली ते. तिला आठवत होतं, एप्रिल. खात्रीसाठी मोबाईलमध्ये कुरियरचा मेसेज शोधला. डबा घरी आला ११ मेला. तिने ११ मेच्या ओळीसमोर फुली मारली आणि बोट वर सरकवत नेलं. ३ मे, बारा युनिट. २६ एप्रिल, पंधरा. १९ एप्रिल, एकोणीस. पावडर यायच्या आधीच डोस बारावर येऊन ठेपला होता.

बराच वेळ ती काही बोलली नाही. खाली चहाच्या लारीवर कुणीतरी भांडत होतं, ते ऐकत बसलो.

मग डोस कमी का झाला? हे सांगणं माझं काम नाही. पुढच्या भेटीला आई आणि आजीलाही बोलावलं आणि तिच्या डॉक्टरांना स्पीकरवर फोन लावला. ते गुजरातीत बोलले. टाइप १ मध्ये इन्सुलिन सुरू झाल्यावर, उरल्यासुरल्या पेशींना जरा विसावा मिळतो आणि त्या काही काळ पुन्हा थोडंफार काम करतात. गरज कमी होते, कुणाची अगदी नावापुरती उरते. काही महिने चालतं, कुणाचं जास्त, आणि मग संपतं. याला आम्ही डॉक्टर लोक 'हनिमून' म्हणतो. या शब्दाचं मराठी करून सांगायची वेळ आली नाही. आजी म्हणाल्या, "लग्नाआधीच?" रेवा इतकी हसली की फोनवर डॉक्टरही हसायला लागले.

बरं झाल्याचे अनुभव सांगणारी काही मुलं याच हनिमूनमध्ये व्हिडिओ करत असणार, असं रेवाचं अनुमान आहे. मला ते पटतं. संपल्यावरचा व्हिडिओ कोण टाकेल?

हसणं ओसरल्यावर तिने जे सांगितलं ते आईकडे न बघता सांगितलं. "तुम्ही सगळ्यांपासून लपवलंत. मला वाटलं, जे लपवतात ते बरं होणारं असतं. कायमचं असतं तर कधी ना कधी सांगावंच लागलं असतं ना?" आणि त्या माणसाचा पहिला व्हिडिओ कुठून आला, तर घराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून. आत्याने टाकलेला, टाइप २ असलेल्या तिच्या नवऱ्यासाठी. आईने तो रेवाला पुढे पाठवला होता, खाली हात जोडल्याचं चित्र टाकून. मोबाईल काढून घेऊ का, हा प्रश्न आईने त्यानंतर विचारला नाही.

माझं उत्तर तसंही नाहीच होतं. रेवाच्या साखरेचे आकडे आता मोबाईलमध्ये असतात. सुई टोचून घेणारी तिच्या वयाची दुसरी मुलं तिला मोबाईलवरच भेटली, कारण दांडिया बाजारात तिला अशी कुणी माहीत नव्हती. काढून घेतला असता तर मैत्रिणीच्या मोबाईलवर बघितलं असतं, आणि आम्हाला कळलंही नसतं.

त्यापेक्षा आम्ही तो व्हिडिओ आवाज बंद करून पुन्हा बघितला. मऊ आवाज गेला की नजर इतरत्र फिरते. तिला खाली विक्रीची लिंक दिसली. मग डब्याचा फोटो मोठा करून बघितला. बारीक अक्षरात लिहिलेलं, हे उत्पादन कुठल्याही रोगाच्या उपचारासाठी नाही. त्याखाली एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक. तो खाद्यपदार्थाचा परवाना असतो, लोणच्याच्या बरणीवरही असतो, औषध म्हणून कुणी तपासल्याची ती खूण नव्हे. आणि मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायलाच आपल्याकडे १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याने बंदी आहे, मधुमेह त्या यादीत नावानिशी आहे. रेवाचं त्यावर म्हणणं, "म्हणून तो व्हिडिओत पावडरचं नावच घेत नाही!" हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मग एकदा तिनेच विचारलं, इन्सुलिन नव्हतं तेव्हा आमच्यासारख्यांचं काय व्हायचं. मी उत्तर दिलं नाही, शोधायला सांगितलं. ती टोरांटोच्या लेनर्ड थॉम्पसनची गोष्ट घेऊन आली. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा, उपासमारीच्या पथ्यावर ठेवलेला, कारण तेव्हा तोच एक उपाय. वजन जेमतेम तीस किलो. जानेवारी १९२२ मध्ये त्याला इन्सुलिन टोचलं. पहिलं नीट लागू पडलं नाही, बारा दिवसांनी अधिक शुद्ध केलेलं दिलं, ते पडलं. पुढे तो आणखी तेरा वर्षं जगला. "इन्सुलिनशिवाय फक्त डाएट, हे शंभर वर्षांपूर्वी करून बघितलंय लोकांनी," ती म्हणाली. हे वाक्य मी जूनमध्ये म्हटलं असतं तर पेपरवेट फिरला असता.

नवरात्राची मला धास्ती होती. बडोद्याची मुलगी गरब्याला जाणार नाही हे शक्य नाही, आणि तीन-तीन तास नाचल्यावर साखर घसरते. डोस किती कमी करायचा ते डॉक्टरांनी ठरवून दिलं. माझ्याकडे प्रश्न वेगळाच आला. चणियाचोळीत इन्सुलिनचं पेन आणि साखर बघायचं मीटर ठेवायचं कुठे, आणि मैत्रिणींनी विचारलं तर काय सांगायचं? पिशवी आजीने शिवली, आरसे लावून, चणियाच्या कापडाचीच. दोन मैत्रिणींना रेवाने खरं सांगितलं. सहाव्या रात्री मैदानातच हात थरथरायला लागले, घाम फुटला. मैत्रिणीने तीन चमचे ग्लुकोज पाण्यात ढवळून दिलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर बघितली, आणि दोघी शेवटच्या फेरीला उभ्या राहिल्या. चॉकलेट द्यायचं नाही, त्यातल्या चरबीमुळे साखर हळू चढते, हे त्या मैत्रिणीला पाठ होतं. पुण्याच्या काकूला अजून सांगितलेलं नाही. दिवाळीत ती येणार होती, आली नाही.

परवा रेवाने एक लिंक पाठवली. बघितलं तर तोच तुळशीवृंदावनवाला. मी घाबरून फोन केला, "अगं, अजून बघतेस तू याला?"

"हो मग. त्याच्या बाजरीच्या रेसिपी चांगल्या असतात, मॅडम. फक्त किती युनिट घ्यायचं ते तो सांगत नाही, ते मी मोजते."