‘तुला कळला नाही’ या वाक्याबद्दल

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. प्रोजेक्टर मध्येच बंद पडला नाही, आणि तुमच्या एवढ्याशा गावात १९६८ सालचा ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ हा सिनेमा बघायला इतकी माणसं आली, याचा मला फार आनंद झाला. तुझ्या पत्रात मात्र तो आनंद कुठं दिसत नाही. मध्यंतरानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, मागच्या रांगेत दोघं झोपले, एक बाई शेवटी डोळे पुसत होत्या, आणि तुझा लहानपणापासूनचा मित्र दारातून बाहेर पडताना म्हणाला, "यात काही घडतच नाही." त्यावर तू त्याला म्हणालास, "तुला कळला नाही." पुढच्या वेळी लोकांना सिनेमा समजावून कसा सांगायचा, हे तू मला विचारलं आहेस.

समजावण्याचं नंतर बघू. आधी मला तुझ्या त्या तीन शब्दांबद्दल बोलायचं आहे.

दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकचा ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ पहिल्यांदा दाखवला गेला २ एप्रिल १९६८ला वॉशिंग्टनमध्ये आणि दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये. तुमच्याकडे जे झालं तेच तिथंही झालं. लोक चुळबुळले, उठून गेले. लॉस एंजेलिसच्या पहिल्या खेळात रॉक हडसन हा त्या काळचा मोठा नट ‘हे नेमकं चाललंय काय, कुणी सांगेल का?’ अशा अर्थाचं काहीतरी मोठ्यानं बोलत बाहेर पडला, हे समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी लिहून ठेवलं आहे. न्यूयॉर्क टाइम्समध्ये रेनाटा ॲडलर यांनी लिहिलं की हा सिनेमा संमोहित करणं आणि प्रचंड कंटाळवाणं असणं यांच्या मधे कुठंतरी आहे. पुढच्या वर्षी पॉलीन केल यांनी तर त्यात कल्पनाशक्तीचाच भव्य अभाव आहे असं ठणकावून सांगितलं. या बायका सिनेमा न कळणाऱ्या होत्या का? केल यांच्याइतक्या तल्लख नजरेनं सिनेमा बघणारं माणूस त्या काळात शोधूनच काढावं लागलं असतं. तुझा मित्र दारात जे म्हणाला, ते म्हणणारे असे मोठे लोकही होते, एवढं लक्षात ठेव.

यापुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. भरल्या प्रेक्षागृहात आपला सिनेमा पाहिल्यावर कुब्रिकनं काय केलं? पुढच्या काही दिवसांत त्यानं सुमारे १९ मिनिटं कापली. स्थळकाळ सांगणाऱ्या पाट्या घातल्या, त्यातली एक ‘गुरू मोहीम, १८ महिन्यांनंतर’ अशी. पण सिनेमात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या त्या काळ्या शिळेचा अर्थ सांगणारं एक वाक्यही त्यानं घातलं नाही. खरं तर अर्थ सांगण्याची सगळी सोय त्याच्याकडे आधीपासून होती. सुरुवातीला जोडण्यासाठी शास्त्रज्ञांच्या मुलाखती चित्रित करून ठेवल्या होत्या, त्या त्यानं वापरल्या नाहीत. निवेदन योजलं होतं, ते काढून टाकलं. म्हणजे बघ, प्रेक्षकांचा कंटाळा त्यानं ऐकला आणि कात्री चालवली. ‘आम्हाला अर्थ सांग’ ही मागणी मात्र त्यानं मान्य केली नाही. या दोन तक्रारी त्याला वेगळ्या ऐकू आल्या. तुला त्या एकच वाटल्या आणि मित्राला तू चुकीचं उत्तर दिलंस. तो ‘कळलं नाही’ म्हणालाच नव्हता. ‘घडत नाही’ म्हणाला होता.

आणि त्याचं म्हणणं खोटंही नाही. पहिला संवाद ऐकू यायला जवळजवळ २५ मिनिटं लागतात. शेवटची वीसेक मिनिटं कुणी काही बोलत नाही. मधल्या भागात माणसं जे बोलतात ते विमानतळावरच्या घोषणेसारखं सपाट: प्रवास कसा झाला, मुलगी कशी आहे, सँडविच बरं आहे. गोष्ट ऐकायला बसलेल्या माणसाला यात गोष्ट सापडली नाही, तर तो काय करेल? तू खुर्चीत टिकून राहिलास, कारण तू महिनाभर आधीपासून या सिनेमाबद्दल वाचत होतास. तुझा मित्र तसाच, रिकाम्या हातानं आला होता. त्याची चुळबुळ हा त्या सिनेमाबद्दलचा एक प्रामाणिक पुरावा आहे, तो फेकून देऊ नकोस.

एक गोष्ट मी आजवर फार कमी लोकांना सांगितली आहे. हा सिनेमा मी पहिल्यांदा पुण्यात, विद्यार्थिनी असताना पाहिला. आदिमानवानं भिरकावलेलं हाड आकाशात उडालं आणि त्याच्या जागी अंतराळयान आलं, तिथं माझ्या अंगावर काटा आला. तो काटा खरा होता. नंतरच्या प्रकाशाच्या बोगद्यात माझं डोकं दुखायला लागलं, आणि त्या पांढऱ्या खोलीत म्हातारा जेवायला बसला तेव्हा मला फक्त घरी जायचं होतं. बाहेर चहाच्या टपरीवर सगळे ‘अप्रतिम’ म्हणत होते. मीही म्हणाले. पुढची कितीतरी वर्षं म्हणत राहिले. त्यामुळे झालं असं, की त्या शेवटाबद्दल मला खरोखर काय वाटतं हे शोधायची संधीच मी गमावली. ‘अप्रतिम’ म्हटलं की चौकशी संपते. ‘इथं माझं डोकं दुखलं’ म्हटलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, का गं? आणि मला विचार करावा लागला असता.

तुझ्या खेळाला शेवटपर्यंत बसून ‘मास्टरपीस’ म्हणत बाहेर पडलेल्यांत माझ्यासारखे किती होते, कुणास ठाऊक. उठून गेलेल्यांची तुला काळजी वाटते. मला या बसलेल्यांची जास्त वाटते.

मत बदलणं ही वेगळी गोष्ट. न्यूजडे या वर्तमानपत्राच्या जोसेफ गेल्मिस यांनी आधी या सिनेमाविरुद्ध लिहिलं, मग पुन्हा जाऊन पाहिला आणि त्याच पानांवर आपलं मत उघडपणे फिरवलं. अँड्र्यू सॅरिस यांचंही मत पुन्हा पाहिल्यावर बदललं. मला त्यांचं कौतुक वाटतं ते मत चांगल्या बाजूनं वळलं म्हणून नव्हे. पहिलं मत त्यांनी छापून ठेवलं होतं, म्हणून ते कुठून कुठं आले हे आज आपल्याला दिसतं. तू वही ठेवतोस ना? खेळ संपल्यावर त्याच रात्री लिही आणि नंतर त्यात खाडाखोड करू नकोस. दहा वर्षांनी खाली नवीन लिही.

आता समजावण्याबद्दल. तुझ्याजवळ आर्थर सी. क्लार्क यांची कादंबरी आहे आणि खेळाआधी त्यातला सारांश वाचून दाखवावा असं तुझ्या मनात आहे. नको. सिनेमा आणि कादंबरी दोघांनी मिळून रचलेल्या एकाच कल्पनेतून निघाली. क्लार्क यांनी कागदावर बरंच उलगडून सांगितलं, कुब्रिकनं पडद्यावर सांगितलं नाही. ज्याला हवं तो नंतर वाचेल आणि दोन्हींतला फरक पाहून त्याला आणखी मजा येईल. आधी वाचून दाखवलंस तर लोक पडद्याकडे उत्तरं तपासायला बघतील. कुब्रिकला एका मुलाखतीत अर्थ विचारला, तेव्हा त्यानं मोनालिसाचं उदाहरण दिलं होतं: ही बाई किंचित हसते आहे कारण तिचे दात किडलेले आहेत, असं लिओनार्दोनं चित्राखाली लिहून ठेवलं असतं, तर आज आपण ते चित्र किती आवडीनं पाहिलं असतं?

म्हणून कुब्रिकनं अर्थ लावणाऱ्यांना हाकललं असं समजू नकोस. त्याच्यावर पत्रांचा पाऊस पडला. त्यात न्यू जर्सीतल्या १५ वर्षांच्या एका शाळकरी मुलीची टिपणं होती, तिच्या शिक्षकांनी पाठवलेली. आपण कुठंही वाचलेल्या विचारांत हे बहुधा सर्वांत बुद्धिमान आहेत, असं कुब्रिक म्हणाला. मोठमोठ्या समीक्षकांचे लेख त्याच्यासमोर होते आणि त्यानं हे एका नववी-दहावीच्या वयाच्या मुलीबद्दल म्हटलं. तुमच्या हॉलमध्ये पुढच्या रांगेत शाळेची मुलं बसली होती असं तू लिहितोस. त्यांना कुणी काही विचारलं का?

प्रत्येक माणूस आपापल्या खुर्चीतून बघतो, हे पटवण्यासाठी तुला आणखी दोन माणसं दाखवते. संगीतकार ॲलेक्स नॉर्थ यांनी या सिनेमासाठी संगीत रचून ध्वनिमुद्रित केलं होतं. ते पडद्यावर येणार नाही, हे त्यांना सिनेमा बघतानाच कळलं. त्या अंधारात त्यांनी काय ऐकलं असेल? आपल्याला जिथं स्ट्राउसचे सूर ऐकू येतात, तिथं त्यांना स्वतःच्या सुरांची जागा रिकामी ऐकू आली असेल. दुसरे रशियन दिग्दर्शक आंद्रेई तारकोव्हस्की. त्यांना हा सिनेमा थंड, निर्जीव वाटला. मग १९७२ मध्ये त्यांचा ‘सोलारिस’ आला, त्यात अंतराळस्थानक आहे आणि माणसाची लाज, प्रेम, आई-वडिलांचं घरही आहे. आणि गंमत नव्हे, खरंच सांगते, ज्यांच्या कादंबरीवर तो बेतला त्या स्तानिस्लाव लेम यांना तो अजिबात रुचला नाही. दोघांचं भांडण झालं. तारकोव्हस्कींनी माझी कादंबरी सोडून दोस्तोयेव्हस्कीची ‘गुन्हा आणि शिक्षा’ काढली, असं लेम म्हणत. एका उत्तम कलावंताला कुब्रिक कोरडा वाटला आणि त्याच कलावंताचं काम दुसऱ्या तितक्याच मोठ्या माणसाला अति-भावुक वाटलं. यांतल्या कुणाला तू सांगणार आहेस, ‘तुम्हाला कळला नाही’?

मी स्वतः लोकांना हा सिनेमा दाखवायला लागले तेव्हा एका खेळाला एक वयस्क बाई आल्या होत्या, मुलीनं आग्रह केला म्हणून. चर्चेत त्या गप्प होत्या. शेवटी मी विचारलं, तर म्हणाल्या, "मला बाकी काही सांगता येणार नाही. तो माणूस यानाबाहेर जातो तेव्हा फक्त श्वास ऐकू येतो ना, तेवढंच मी ऐकत होते. आमच्या यांच्या शेवटच्या दिवसांत ऑक्सिजनवर घरात रात्रभर तेवढाच आवाज असायचा." कुणीच काही बोललं नाही. त्या प्रसंगावर मी तोवर चार वेळा बोलले होते, छायाचित्रणावर, निर्वात पोकळीवर, शांततेवर. त्यानंतर मला तो आवाज वेगळा ऐकू येतो. कुणीही समजावून सांगितलं असतं तरी हे मला मिळालं नसतं.

तेव्हा पुढच्या खेळानंतर लगेच माइक हातात घेऊ नकोस. दिवे हळू लाव, लोकांना पाणी पिऊ दे, बाहेर जाऊन येऊ दे. मग ‘कळला का?’ विचारू नकोस, ती परीक्षा होते आणि हुशार मुलंच हात वर करतात. विचार: तुमचं लक्ष कुठं उडालं? परत कुठं आलं? यानातला संगणक हॅल बंद पडत असताना तुम्ही कुणाच्या बाजूनं होतात? या शेवटच्या प्रश्नावर माझ्याकडे नेहमी सर्वांत जास्त बोललं जातं. त्या सिनेमात माणसं थंडपणे बोलतात आणि विनवण्या करतो तो एक संगणक. ज्यांना बाकी सगळं कंटाळवाणं वाटलं, त्यांनाही तिथं काहीतरी झालेलं असतं. आणि जो सगळ्यांना अर्थ समजावून सांगायला उभा राहतो, असा एक जण प्रत्येक गावात असतो, त्याला मान देऊन सर्वांत शेवटी बोलायला लाव.

उठून जाणाऱ्यांसाठी दाराजवळच्या खुर्च्या मोकळ्या ठेव, म्हणजे त्यांना कुणाच्या गुडघ्यांवरून जायला नको.

तुझ्या मित्राला आज-उद्या फोन कर. आधी त्या वाक्याबद्दल माफी माग. मग विचार, तू नेमका कोणत्या क्षणी उठलास, आणि त्याच्या आधी पडद्यावर काय चाललं होतं? तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत मला लिहून पाठव. मला खरंच ऐकायचं आहे.

तुझी,
ताई