गावचं जुनं घर लग्नाआधी आवरायचंय, हातात दोन महिने आहेत, कुठून सुरुवात करू?

आधी एक सांगा, माळ्यावर चढलात का? प्रश्नात तुम्ही सगळं लिहिलंय, कौलारू घर, आजी एकटी असते, भावाचं लग्न मेच्या दुसऱ्या आठवड्यात, बजेट लाखाच्या आत, ओटीला टेक्स्चर पेंट करू का तेपण विचारलंय, पण माळ्याचं नाव नाही. म्हणजे चढला नाहीत. आम्हीपण नव्हतो चढलो.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात देवरुखपासून थोडं आत, चिऱ्याचं म्हणजे जांभ्या दगडाचं, वर मंगलोरी कौलं, माझ्या धाकट्या भावाचं लग्न असंच मे महिन्यात घरूनच केलं आणि मी नि नवरा डोंबिवलीहून मार्चपासून एकाआड एक शनिवार-रविवार जाऊन ते घर आवरत होतो. पहिल्या खेपेला मी मोबाईलवर व्हिडिओ बघून गेलेले, तीन ढीग करायचे, ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. केले. रविवारी रात्रीच्या गाडीने परत आलो, पंधरा दिवसांनी गेलो तर तिन्ही ढीग एक होऊन परत माजघरात, वर काकूने जुनं लुगडं टाकून झाकून ठेवलेले! काकू म्हणजे माझी थोरली चुलती, पंचाहत्तरीची, बारा महिने घर तीच सांभाळते. मी चिडले तर म्हणाली, "बाय गं, तू सासरी गेलेली, इथलं काय टाकायचं ते तू ठरवणार होय?"

लागलं मला ते. पण खरं होतं. गावच्या घरातली वस्तू कुणा एकाची नसते, सातबाऱ्यावर जशी आठ-दहा नावं तशी आमच्याकडे हंड्या-परातींवरपण नावं घातलेली आहेत, आणि ती माणसं निम्मी मुंबईत आणि निम्मी वर.

मग पुढच्या खेपेला उलटं केलं. दोन गडी लावून माळ्यावरचं सगळं खाली खळ्यात, म्हणजे अंगणात काढलं, काकूला आंब्याखाली खुर्ची टाकून बसवलं आणि एकेक वस्तू तिच्यापुढे धरली. तुम्हाला खोटं वाटेल पण अर्ध्याच्या वर तिनेच टाकायला सांगितलं, विचारलं म्हणून. फाटकी इरली, तळ गेलेली कणगी, वाळवीने खाल्लेल्या दोन बाजा, कुणाच्या तरी पहिल्या पगाराचा बंद पडलेला रेडिओ (हा नाही टाकला, ठेवला), आणि गणपतीची चार थर्माकोलची मखरं. थर्माकोलवर २०१८ ला बंदी आली ना, त्याच्या आधीची, तेव्हापासून कुणी हात लावला नव्हता, उंदरांनी आत संसार मांडलेला. भंगारवाला थर्माकोल घेत नाही हे लक्षात ठेवा, आणि परसात जाळू तर अजिबात नका, आम्ही पोत्यात कोंबून गाडीच्या डिकीतून देवरुखला सुक्या कचऱ्यात दिलं.

तांब्या-पितळेचं काही देण्याआधी मात्र फोटो काढून भाऊबंदांच्या ग्रुपवर टाका आणि तारीख द्या, अमुक रविवारपर्यंत ज्याला हवं त्याने सांगा. आमच्याकडे पंधरा दिवस एकानेही उत्तर दिलं नाही, आणि भंगारवाल्याचा टेम्पो दारात लागल्यावर बोरिवलीच्या चुलत काकांचा फोन, तो मोठा हंडा माझ्या आईचा आहे. दिला ठेवून. तुमच्याकडेपण असा एक फोन येणार, तेव्हा वाद घालू नका, लग्नाला तेच काका पाहिजेत परत.

कागदाची ट्रंक एकट्याने बसून बघा, गड्यांना देऊ नका. घरपट्टीच्या जुन्या पावत्या, सातबाऱ्याचे उतारे, शाळा सोडल्याचे दाखले, यातलं काहीही टाकायचं नाही. लग्नानंतर नोंदणीला वयाचा पुरावा लागतोच, आम्ही भावाचा दाखला डोंबिवलीत सगळीकडे शोधला आणि निघाला तो त्या ट्रंकेत, आजोबांच्या पंचांगाखाली.

आणि आता माझा गाढवपणा. मागच्या पडवीत एक मुसळ होतं, खालून तडकलेलं, मी गड्याला म्हटलं फोडून चुलीला लावा. लावलं. हळदीच्या आदल्या दिवशी भटजींची यादी आली, त्यात जातं, उखळ, मुसळ, पाट, माप. आमच्यात हळद मुसळाने कांडतात, मुसळाला आंब्याची पानं बांधून, आणि ज्या घरात तीन पिढ्या मुसळ होतं तिथे आम्ही शेजारच्या वाडीतून मागून आणलं. काकू काही बोलली नाही, नुसती बघत होती माझ्याकडे. तेव्हा तुमच्या भटजींची यादी आजच मागवा, मग टाकाटाकी करा. नवरी माप ओलांडून येणार ते माप, समया, ताम्हण, चौरंग, हे सगळं पहिल्याच दिवशी एका खोलीत ठेवून कडी लावा.

आणखी एक, परसात चिऱ्यांचा, लाकडाचा ढीग असेल तर त्यात उघडा हात घालायचा नाही. रत्नागिरीत फुरसं, तो छोटा विषारी साप, किती आहे ते तुम्हाला मी सांगायला नको, आणि ते दिसतच नाही, सुक्या पाचोळ्याच्या रंगाचं असतं. आधी काठीने हलवा, जाड बूट घाला, मुलांना लांब ठेवा. आमच्या ढिगात दोन विंचू निघाले, बाकी काही नाही, पण गडी एकेक चिरा आधी काठीने उलटवत होता म्हणून.

आता कामाचा क्रम, तो मी चुकवला म्हणून सांगते. मला घाई, म्हणून एप्रिलच्या सुरवातीला आधी भिंती पांढऱ्या करून घेतल्या, काय सुंदर दिसलं, आणि मग शाकारणीवाले, म्हणजे कौलं उतरवून परत नीट लावणारे, आले. कौलं काढली की वाशांवरची सगळी काजळी, पालीची घाण, कोळिष्टकं भिंतीवरून ओघळत खाली येतात. परत सगळं करावं लागलं. तर माळा रिकामा, मग कौलं, मग वायरिंग, मग भिंती, जमीन सगळ्यात शेवटी. शाकारणी पावसाआधी तुम्हाला करायचीच असते, तो खर्च लग्नाच्या हिशोबात धरू नका, पण गड्यांना आत्ताच सांगून ठेवा, एप्रिल-मेमध्ये सगळे आंब्याच्या बागांत गुंतलेले असतात आणि उरलेले दुसऱ्यांच्या छपरावर. जास्तीची कौलं आणण्याआधी जुनं एक कौल सोबत घेऊन जा, वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं खाचेत बरोबर बसत नाहीत. आमच्या छपरावर तीन कारखान्यांची निघाली, वडलांनी जमेल तशी आणलेली. वासे आणि रिपा ठोकून बघा, पोकळ आवाज आला की वाळवी.

टेक्स्चर पेंट नका करू. चिऱ्याच्या भिंती ओल ओढतात, पावसाळ्यात आत ओल येते नि नंतर सुकते, त्यावर तुम्ही पुट्टी आणि चकचकीत रंग मारलात तर ओल आत कोंडते आणि पुढच्या गणपतीपर्यंत पोपडे हातात येतात. आमच्या चुलत्यांच्या बाजूला झालंय हे, ओटीवर मोठा खर्च करून. आम्ही साधा चुना मारला. चुन्याचे खडे पिंपात आदल्या दिवशी भिजवायचे (खदखदा उकळतं ते, तोंड लांब ठेवा, डोळ्यात उडाला तर फार वाईट), मग फडक्याने गाळायचा, थोडा डिंक घालायचा म्हणजे पाहुण्यांच्या कपड्यांना लागत नाही, किंचित नीळ, दोन हात. पहिला हात मारल्यावर अगदी भिकार दिसतं, घाबरू नका, सुकला की पांढरा होतो. खाली हातभर गेरूचा पट्टा. ब्रश, चुना, गेरू सगळं धरून तीन हजारात झालं आणि फोटोत जे काय दिसतं ना!

वाचलेले पैसे घाला संडासात. गंमत नाही करत. आमच्याकडे मागे एकच होता आणि मुक्कामी माणसं पस्तीस. दुसरा बांधला, जवळपास चाळीस हजार गेले, नवरा म्हणत होता चार दिवसांसाठी कशाला, पण लग्नाच्या सकाळी सात वाजता त्याची लाईन बघून गप्प झाला. जुन्याची टाकी कधी उपसली होती तेपण आजीला विचारून घ्या, एरवी एका माणसाला पुरते ती मांडव भरल्यावर तुंबते. नंतर पाणी. मेमध्ये विहीर तळाला गेलेली असते. माणशी दिवसाला ७० लिटर धरा, पस्तीस माणसांचे अडीच हजार होतात, आणि आमची छपरावरची टाकी होती ५०० ची! जुनी हजार लिटरची एक टाकी आणून मागे ठेवली आणि दोन दिवस टँकर सांगितला.

वायरिंगला कंजूषपणा नको. लाकडी पट्टीवरच्या जुन्या वायरी, चिनी मातीचे फ्यूज असं असेल तर निदान मेन बोर्ड बदला, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईट आपोआप तोडणारा स्विच) बसवा, अर्थिंग तपासून घ्या. मांडववाला दिव्यांच्या माळा लावताना जिथे वायर दिसेल तिथे जोडतो, भोवती मुलं, ओलं खळं, आणि त्यात वळीव आला तर बघायला नको. गिझर लावणार असाल तर त्याला वेगळी ४ एमएमची वायर, गिझर आणि मिक्सर एका प्लगवर नको. खरंतर मेमध्ये कुणाला गरम पाणी लागत नाही, फक्त भटजींना लागलं.

गाद्या एप्रिलमध्ये चार दिवस कडक उन्हात घाला, नव्या घेऊ नका. खळं लग्नाच्या तीन दिवस आधी सारवा, फार आधी केलंत तर मांडव घालणारेच खणून ठेवतात.

आणि माजघरातलं ते मोठं शिसवी कपाट लिहिलंय ना तुम्ही, हलत नाही, दार उघडत नाही, आजी हात लावू देत नाही, त्याचं काय करू म्हणून? राहू दे. आमच्याकडेपण आहे तसलंच. वर धुतलेली चादर घाला आणि वऱ्हाडाच्या बॅगा ठेवायला तीच जागा सांगा सगळ्यांना, आमच्या कपाटावर अकरा बॅगा मावल्या.