२०० जणांच्या प्लांटसाठी मेसेजिंग सर्व्हर बसवायचा तर रॅम किती लागेल?

तुमचा प्रश्न असा: सिन्नरच्या प्लांटमध्ये २०० जणांसाठी स्वतःचा मेसेजिंग सर्व्हर बसवायचाय, बहुतेक ओपनफायर नावाचं चॅट सॉफ्टवेअर. ८ जीबी रॅम पुरेल की १६ घ्यावी, आय-फाइव्ह चालेल की झिऑनच हवा, आणि पर्चेसला दाखवायला मिनिमम रिक्वायरमेंटचा कागद कुठे मिळेल.

रॅमचं आधी उरकतो. ८ जीबी भरपूर झाली. २०० माणसं एकमेकांना मजकूर पाठवणार, त्याने आजचं कुठलंही मशीन दमत नाही. ओपनफायर ज्या एक्सएमपीपीवर चालतं तो प्रोटोकॉल १९९९ मध्ये जॅबर या नावाने पुढे आला. त्या काळच्या सर्व्हरला आजच्या साध्या मोबाइलइतकीही रॅम नसायची. ओपनफायर जावावर चालतं, त्या जावाला दीड-दोन जीबी हीप, म्हणजे राखीव मेमरी द्या, बाकीची ऑपरेटिंग सिस्टिम आणि डेटाबेसला राहू द्या. आय-फाइव्ह की झिऑन यावर मीटिंग घेऊ नका. झिऑनच्या मशीनबरोबर ईसीसी रॅम (चूक स्वतः दुरुस्त करणारी) आणि दोन पॉवर सप्लाय मिळत असतील तर त्यासाठी घ्या, वेगासाठी घेऊ नका.

तिसऱ्या प्रश्नामुळे मात्र मी लिहायला बसलोय. तो कागद पर्चेसच्या हातात देऊ नका. मी दिला होता.

२०१३ ची गोष्ट. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका डायकास्टिंग कारखान्याचं आयटी मी एकटा बघायचो. शॉपफ्लोअरवर मोबाइल बंद, म्हणून विभागाविभागांत निरोपासाठी ओपनफायर टाकायचं ठरलं. तेव्हा ३.८ ची मालिका चालू होती. मशीन म्हणून अकाउंट्समधून निघालेला कोअर टू ड्युओ मिळाला. दोन जीबी रॅम, १४० माणसं, आणि तरी सीपीयू कधी दहा टक्क्यांवर गेलेला मी पाहिला नाही. म्हणजे तुम्ही ज्याची काळजी करताय ते तेव्हासुद्धा कमी पडलं नव्हतं.

मी मागणी लिहिली होती: एक युपीएस, आणि मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, कारण जुना मेला होता. पर्चेसच्या साहेबांनी सॉफ्टवेअरचा रिक्वायरमेंटचा छापील कागद मागितला. मी प्रिंट काढून दिली. त्यांनी ओळीवर बोट ठेवून वाचली आणि म्हणाले, "यात प्रोसेसर आहे, मेमरी आहे, डिस्क आहे. युपीएस कुठे आहे? कंपनी स्वतः म्हणत नाही, मग तू कशाला म्हणतोस?" मागणीवर लाल पेनाने 'नॉट रिक्वायर्ड' लिहून परत आली. सेलही त्याच कागदावर होता, तोही गेला. तीस-चाळीस रुपयांचा सेल मी एमजी रोडवरून खिशातून आणू शकलो असतो. आणला नाही. मंजूर करून घ्यायचाच, असा हट्ट धरून बसलो. ती चूक माझी आहे.

सेल मेलेलं मशीन लाइट असेपर्यंत वेळ बरोबर दाखवतं, कारण बंद असतानाही पॉवर सप्लायमधून बोर्डाला थोडी वीज मिळत असते. मेन लाइन गेली की घड्याळ एकदम कारखान्यातून आलं त्या तारखेला जातं, आणि चालू करताना स्क्रीन एफ-वन दाबायला सांगून थांबते. मी मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवली होती: एफ-वन दाबा, तारीख-वेळ टाका, मग सेव्ह करा. त्या नेटवर्कला इंटरनेट दिलेलं नव्हतं, त्यामुळे वेळ आपोआप दुरुस्त होण्याचा मार्गच नव्हता.

जुलैतली रात्र, नाइट शिफ्ट, बाहेर धो धो पाऊस. एकच्या सुमाराला लाइट गेली, पावणेदोनला आली. सुपरवायझरने चिठ्ठी वाचून सर्व्हर चालू केला आणि इमानदारीने वेळ टाकली, समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात बघून. कारखान्यात काम केलेल्याला हे घड्याळ माहीत असतं. माणसं वेळेवर लाइनवर यावीत म्हणून ते पंधरा मिनिटं पुढे लावलेलं असतं.

क्वालिटीत एक मुलगा होता. पेठ तालुक्यातला, आयटीआय झालेला, कॉन्ट्रॅक्टवर. त्याला एका लॉटमध्ये पोरॉसिटी, म्हणजे धातूत बारीक पोकळ्या दिसल्या. त्याने डिस्पॅचला मेसेज टाकला, 'लॉट होल्ड, गाडी सोडू नका'. इंटरकॉम लाइट गेल्यापासून मुका होता. डिस्पॅचचा पीसी चालू झालेला होता पण चॅट लॉगिन केलेलं नव्हतं. अशा वेळी ओपनफायर मेसेज स्वतःकडे धरून ठेवतं, तो आला तेव्हाची सर्व्हरच्या घड्याळाची वेळ त्यावर मारतं आणि समोरचा लॉगिन झाला की पोचवतं. तसंच झालं. डिस्पॅचच्या माणसाने चारला लॉगिन केलं तेव्हा गाडी संगमनेरकडे लागली होती. माल चाकणला गेला, लाइनवर चढला, परत आला, वर डेबिट नोट.

चौकशीत तीन वेगवेगळ्या वेळा समोर आल्या. गेटच्या रजिस्टरवर गाडी बाहेर पडल्याची वेळ २:२०. सर्व्हरच्या नोंदीत मेसेज २:२७ चा. आणि तो मुलगा सांगत होता, माझ्या स्क्रीनवर २:१२ होतं, मी गाडी जायच्या आधी टाकलाय. चौकशी घेणाऱ्या साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, पीसीची वेळ कोणीही बदलू शकतो, वाद असेल तेव्हा सर्व्हरची वेळ खरी धरतात.

पुस्तकात हेच लिहिलेलं असतं, आणि मी तेच बोललो. सर्व्हरचं घड्याळ उठून बघितलं नाही. सोमवारपासून येऊ नकोस असं त्याला सांगितलं गेलं. त्याच आठवड्यात बॅकअप घेताना माझं लक्ष कोपऱ्यातल्या वेळेवर गेलं. मोबाइल काढून शेजारी धरला. पंधरा मिनिटं पुढे. २:२७ मधून पंधरा गेले की २:१२ उरतात. मुलगा खरं बोलत होता. गेटवाला मोबाइलमध्ये बघून लिहायचा, त्यामुळे त्याचे २:२० बरोबरच होते. म्हणजे मेसेज गाडीच्या आठ मिनिटं आधीचा.

मी लेखी दिलं, भिंतीवरच्या घड्याळाचा फोटो जोडला. साहेब म्हणाले, आता उकरून काय उपयोग, डेबिट तर बसलाय. कागद फाइलला लागला. त्या मुलाला शोधून मी फोनवर सगळं सांगितलं. तो "ठीक आहे सर" इतकंच म्हणाला. त्यानंतर मी तिथे वर्षभर होतो, पण कुठल्याही मीटिंगमध्ये सर्व्हरचं घड्याळ बघितल्याशिवाय तोंड उघडलं नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगतो. रिक्वायरमेंटचा कागद एवढंच सांगतो की सॉफ्टवेअर चालू होईल. त्याच्या नोंदीवर उद्या कोणाची नोकरी ठरणार असेल, तर काय लागेल ते त्यात नसतं. ते तुम्हाला लिहावं लागतं, आणि तुम्ही लिहिलेल्याला अधिकृत म्हणायची हिंमत तुमच्या साहेबांकडून आधी मिळवावी लागते.

आता आधाराला सरकारी आदेशही आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला जे निर्देश काढले त्यात कंपन्यांनाही धरलंय. सिस्टिमची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या टाइम सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी लावायची. लॉग १८० दिवस, तेही भारतात ठेवायचे. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची. तुमच्या मागणीपत्रात पहिल्या ओळीत हे टाका. २०१३ ला माझ्या हातात असं काही नव्हतं. चॅटच्या नेटवर्कला इंटरनेट द्यायचं नसेल तर एका मशीनला फक्त वेळेपुरतं बाहेर जाऊ द्या आणि बाकीच्यांनी त्याच्याकडून वेळ घ्यावी. लिनक्स असेल तर क्रोनी हा वेळ जुळवणारा प्रोग्राम बसवा, दहा मिनिटांचं काम आहे. लॉगिन अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीला (विंडोजची खात्यांची यादी) केर्बेरॉस या ओळख तपासणाऱ्या पद्धतीने जोडणार असाल तर घड्याळ पाच मिनिटांहून जास्त चुकलं की मूळ सेटिंगमध्ये ते आत घेतच नाही. मला ही कडक शिस्त आवडते, निदान चूक लगेच कळते.

युपीएस असा घ्या की जो यूएसबीने सर्व्हरला कळवेल आणि बॅटरी संपायच्या आत मशीन नीट बंद करेल. नुसता बॅकअप देणारा अर्धंच काम करतो. नेटवर्क स्विचही त्याच युपीएसवर घ्या, नाहीतर सर्व्हर जिवंत आणि रस्ता बंद.

डेटाबेस. ओपनफायर बसवताना एम्बेडेड डेटाबेसचा पर्याय समोर येतो आणि सगळे तोच निवडतात, कारण त्यात काही भरावं लागत नाही. तो चाचणीपुरता ठीक. कामासाठी पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल वेगळा टाका आणि रोज रात्री बॅकअप दुसऱ्या मशीनवर काढा. जावाची आवृत्तीही आधी बघा: ४.८ ला जावा ११ लागतं, ५.० ला १७.

डिस्कचा हिशेब मजकुरावर करू नका. २०० जणांनी दिवसाला प्रत्येकी ८० मेसेज टाकले आणि एका मेसेजला एक केबी धरली तर दिवसाला १६ एमबी, ३०० कामाच्या दिवसांचे पाच जीबीसुद्धा नाहीत. पण त्याच लोकांनी रोज तीन एमबीचे दोन फोटो टाकले तर दिवसाला १२०० एमबी, वर्षाला ३६० जीबी. प्लांटमध्ये फोटो टाकले जातातच, गेजचे, तुटलेल्या टूलचे, चलनाचे. दोन एसएसडी मिररमध्ये, म्हणजे दोन्हींवर तीच प्रत राहील अशा लावा, आणि फोटो किती दिवस ठेवायचे हे क्वालिटीकडून लिहून घ्या.

डोमेनचं नाव पहिल्या दिवशी विचार करून द्या. एक्सएमपीपीत ते प्रत्येक माणसाच्या पत्त्याचा भाग होतं, नंतर बदलायचं म्हणजे सगळ्यांचे कॉन्टॅक्ट पुन्हा जुळवत बसायचं. शेवटी 'लोकल' असलेलं नाव टाळा, ते एमडीएनएसशी, म्हणजे नेटवर्कमध्ये आपोआप नावं शोधणाऱ्या सोयीशी भांडतं. फायरवॉलमध्ये क्लायंटसाठी पोर्ट ५२२२ उघडा. बाहेरच्या सर्व्हरशी बोलायचं नसेल तर ५२६९ बंदच ठेवा. ९०९० आणि ९०९१ वर अ‍ॅडमिन पान असतं, ते तुमच्या एकाच मशीनवरून उघडावं. लिनक्सवर ओपन फाइलची मर्यादा बऱ्याचदा १०२४ असते आणि प्रत्येक कनेक्शन त्यातलं एक खातं. २०० जणांकडे पीसी आणि मोबाइल दोन्ही असेल तर ४०० झाले, त्यात डेटाबेस आणि लॉगच्या फाइली. वाढवून ठेवा.

हे सगळं मी मजकूर आणि फोटो धरून लिहिलंय. व्हिडिओ कॉल हवे असतील तर हिशेब बदलतो, तिथे लाइनची बँडविड्थ आणि कॉल पुढे पोचवणारा टर्न सर्व्हर बघावा लागतो. मोबाइलवर अ‍ॅप बंद असताना नोटिफिकेशन हवं असेल तर आयफोनला अ‍ॅपलच्या सर्व्हरमधून जावंच लागतं, अँड्रॉइडला बहुधा गूगलच्या, मग 'इंटरनेट अजिबात नको' हा हट्ट सोडावा लागेल. ओपनफायरऐवजी मॅटरमोस्ट घेणार असाल तर तेही या आकड्यांत आरामात बसतं. रॉकेट.चॅट या तिसऱ्या पर्यायाला मोंगोडीबी हा डेटाबेस लागतो, आणि मोंगोडीबी ५.० पासून प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स ही सोय असल्याशिवाय चालूच होत नाही. भंगारात निघालेल्या पीसीवर तो बसवायला गेलात तर तिथेच अडाल. कोअर टू ड्युओत एव्हीएक्स नाही.

आणि हो, मी डायकास्टिंगवाला आहे. तुमच्याकडे नाइट शिफ्ट नसेल, चॅटवरून माल थांबवला जात नसेल, तर यातलं निम्मं तुम्हाला जड वाटेल. तरी सेल आणि युपीएस सोडू नका.

पर्चेसला द्यायच्या कागदावर सॉफ्टवेअर कंपनीचं नाव घालू नका. तुमच्या प्लांटचं लेटरहेड घ्या, आणि वर सर्ट-इनच्या निर्देशाची तारीख टाका. मग युपीएस, सेल, टाइम सर्व्हर, दोन डिस्क, बॅकअपचं दुसरं मशीन, या क्रमाने. रॅम सगळ्यात शेवटी लिहा. क्वालिटी हेडची सही घ्या, कारण नोंद त्यांच्या उपयोगाची आहे. तुमची एकट्याची सही असेल तर लाल पेन चालतो.

ज्या मशीनवर बसवायचं म्हणताय ते आज बंद करा, पिन सॉकेटमधून काढा, दहा मिनिटांनी लावा आणि चालू करा. घड्याळ काय दाखवतं ते इथे कळवा, मग ८ की १६ ते बोलू.