आठाचा पाढा पुढं लिहा

"मॅडम, माझा मूलांक आठ आहे, म्हणून लग्न जमेना का?" सोलापुरात समुपदेशन करताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता लिहायलाच हवं. मूलांक म्हणजे जन्मतारखेच्या अंकांची बेरीज. ८, १७ किंवा २६ तारखेला जन्मलेली मुलं-मुली येतात ती आठ म्हणजे शनी, शनी म्हणजे उशीर, हे पाठ करूनच.

टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघणारा एक तरुण आईसोबत आला. (ओळख बदलली आहे.) त्याचा जन्म २६ चा, पसंत पडलेली मुलगी १७ ची. 'दोन आठ एकत्र आले की संसार टिकत नाही' असं कुणीतरी सांगितलं आणि यानं होकार अडवून धरला. पहिल्या दोन भेटींत मी फक्त ऐकलं. 'अंधश्रद्धा आहे' म्हटलं की माणूस मान डोलावतो आणि भीती तशीच घरी नेतो.

तिसऱ्या भेटीत तो पुरावाच घेऊन आला. "आठाचा पाढा बघा की ओ. ८, मग १६ म्हणजे ७, २४ म्हणजे ६, ३२ म्हणजे ५... बेरीज घटतच जाते. हा अंक माणसाला उतरवतोच."

मी कागद पुढं सरकवला. "पुढं लिहा."

६४ म्हणजे १०, म्हणजे १. मग ७२, म्हणजे ९. पेन थांबलं.

"आता साताचा." ७, ५, ३, १. सात तर दोन-दोननं उतरत होता.

"सप्तपदीला पावलं किती?"

बराच वेळ तो कागदाकडे बघत राहिला. हिशेबाचा माणूस, कारण त्यानंच शोधलं. नऊ मिळवले तर अंकांची बेरीज फिरून तीच येते. आठ नवाहून एकनं कमी, म्हणून एकेक घट. सात दोननं कमी, म्हणून दोन-दोन. आपण दहाच्या पटीत अंक लिहितो, त्याचा हा परिणाम. शनी कुठंच सापडेना.

माझा पिंड विवेकनिष्ठ विचारांचा. घटनेपेक्षा तिच्याविषयीची समजूत जास्त छळते, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलेय. पण माणसाचाच पुरावा त्याच्याच हातानं शेवटपर्यंत तपासून घेतला की समजूत किती अलगद सुटते, हे त्या दिवशी बघितलं. ते सुचल्याचं समाधान आजही आहे.

तुमच्या घरातही एखादा अंक ठाण मांडून बसला असेल तर आधी त्याचं गणगोत बघा. चिनी भाषेत आठाचा उच्चार भरभराटीच्या शब्दाजवळ जातो, म्हणून बीजिंग ऑलिम्पिकचा उद्घाटन सोहळा २००८ च्या ८ ऑगस्टला रात्री ८ वाजता ठेवला होता. आपल्याकडे अष्टविनायक आहेत, कृष्णाचा जन्म अष्टमीचा. मग स्थळं नेमकी कशानं फिसकटली ते एकेक कागदावर मांडा. त्या तरुणाच्या यादीत पगार आला, भाड्याची खोली आली आणि स्वतः लावलेला उशीर आला. नावाचं स्पेलिंग किंवा मोबाइल नंबर बदलायला पैसे मोजण्याआधी एवढं कराच.

आई इतका वेळ गप्प होती. उठताना म्हणाली, "आपल्या ग्रामदैवतानं, सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती अडुसष्ट लिंगं मांडली. त्यातबी आठ हायच की." मग लेकाकडं वळली, "लाव फोन त्यांना."