टोकियोतल्या एखाद्या गाजलेल्या मॉडर्न रामेन रेस्टॉरंटमध्ये जेवायला जाताना काय माहीत असावं?

तुम्ही विचारलंय: "नोव्हेंबरमध्ये पाच दिवस टोकियोला चाललोय. मी मांसाहारी आहे, पण डुक्कर खात नाही. बायको पूर्ण शाकाहारी. नावाजलेल्या रामेन रेस्टॉरंटपुढे तास-दोन तास रांग लावण्यात अर्थ आहे का? आणि आत गेल्यावर नेमकं करायचं काय?"

रांगेत अर्धा तास उभं राहा, त्याच्यापुढे नको. मी नऊ वर्षं टोकियोत निशि-कासाईला राहते, आणि रामेनसाठी तासभर ताटकळून 'पैसे वसूल' असं मला फक्त दोनदा वाटलंय. रामेन चांगलं नसतं म्हणून नव्हे. रामेन म्हणजे गरम रश्श्यातल्या शेवया, ते मुळातच दहा-पंधरा मिनिटांत खाऊन उठायचं खाणं आहे. आपण मिसळ खायला जातो तेव्हा पाव-रस्सा संपल्यावर गप्पा मारत बसलो तर मालक जसा आपल्याकडे बघतो, तसंच इथेही. फक्त इथे कोणी बघत नाही, मागची रांगच पाठीला टोचते. त्यामुळे 'टोकियोतलं खास डिनर' म्हणून जाल तर हिरमोड होईल. भूक लागल्यावर वाटेत थांबून खायचं म्हणून जाल तर मजा येईल.

'मॉडर्न' रामेनवाला हा प्रकार तसा अलीकडचा आहे. चिनी पद्धतीच्या शेवयांवरून जपानी लोकांनी रामेन केलं. टोकियोच्या आसाकुसा भागातलं राइराइकेन हे दुकान १९१० सालचं, तिथून त्याची लोकप्रियता सुरू झाली असं मानतात. पण पुढची कितीतरी वर्षं रामेनचं दुकान म्हणजे तेलकट फरशी, चरबीचा वास आणि कामावरून सुटलेले पुरुष. १९८५ मध्ये फुकुओका शहरात इप्पुदो हे रामेनचं दुकान सुरू करणाऱ्या शिगेमी कावाहारांनी मुद्दाम बायकांना एकटीनं येऊन बसावंसं वाटेल अशी जागा केली. स्वच्छ लाकडी काउंटर, बरा उजेड, गाणी. आज न्यूयॉर्कपासून सिंगापूरपर्यंत रामेनची जी चकचकीत रेस्टॉरंट दिसतात, त्यांची वाट तिथून निघते. टोकियोत या जातीचं माझं आवडतं म्हणजे आफुरी. २००३ साली एबिसूमध्ये सुरू झालं. नाव कानागावातल्या आफुरी डोंगराचं. यांची ओळख म्हणजे युझु शिओ रामेन. शिओ म्हणजे मीठ, आणि युझु हे लिंबाच्या कुळातलं फळ. आपल्या ईडलिंबूची आठवण करून देणारा वास, पण जास्त फुलांकडे झुकलेला.

गेल्या वर्षी माझे बाबा कोल्हापूरहून आले होते तेव्हा त्यांना मी तिथेच नेलं. तुमच्यासारखेच ते, मटण चालतं, डुक्कर नाही. ते नेमकं काय झालं ते सांगते, म्हणजे तुमचे अर्धे प्रश्न सुटतील.

दाराशी मशीन असतं. जेवणाचं कूपन त्यातून आधी काढायचं, मग बसायचं. बऱ्याच ठिकाणी हीच पद्धत आहे. नव्या मशीनवर इंग्रजी आणि फोटो मिळतात, जुन्यावर नुसती बटणं. जुन्यापुढे गोंधळलात तर वर डावीकडचं पहिलं बटण दाबा, सहसा दुकानाचा मुख्य पदार्थ तिथे असतो. खिशात हजार येनच्या दोन-चार नोटा ठेवाच. जुन्या मशीनला मोठी नोट चालत नाही. त्यात २०२४ च्या जुलैत नोटा बदलल्या तेव्हा कित्येक दुकानदारांची मशीनं नव्या नोटा घेईनात. त्या नव्या हजारच्या नोटेवर किताझातो शिबासाबुरो आहेत, १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधणाऱ्यांपैकी एक. हे सांगितल्यावर बाबांनी नोट उजेडात धरून बराच वेळ पाहिली. मागे चार जण उभे होते.

एका वाडग्याचे हजार ते दीड हजार येन धरा, म्हणजे साधारण सहाशे ते नऊशे रुपये. टिप द्यायची नाही. पाणी फुकट, बहुतेक ठिकाणी आपलं आपण घ्यायचं.

एक सूचना माझ्या फजितीतून. पहिल्या वर्षी एका छोट्या दुकानापुढे (नाव नको) मी पस्तीस मिनिटं रांगेत उभी राहिले. नंबर आला तेव्हा आतल्या मुलानं कूपन मागितलं. ते आधी काढून मग रांगेत उभं राहायचं होतं, आणि तशी पाटी दारावर भलीमोठी होती. वाचता येत नव्हती एवढंच. तेव्हा रांगेत शिरण्याआधी पुढचे दोघं काय करतायत ते बघा. हातात कागदाचा चिटोरा असेल तर आधी मशीन गाठा. आणि जागा धरून ठेवायची आपली सवय इथे सोडा. 'बाकीचे येतायत हो मागून' चालत नाही, सगळे आल्याशिवाय बसवत नाहीत. काउंटरवर दोघांना शेजारी जागा मिळेलच असंही नाही.

बसल्यावर पायाशी टोपली दिसेल, ती पर्स-पिशवी ठेवायला. मग समोर बघा, कारण खरा खेळ काउंटरच्या पलीकडे असतो. वाडगा गरम पाण्यानं तापवलेला असतो. त्याच्या तळाशी आधी 'तारे' पडतं. हे दोन-तीन चमच्यांचं घट्ट, खारट मिश्रण. मीठ, सोया सॉस किंवा मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) यांतलं ज्यावर ते आधारलेलं, त्यावरून रामेनचं नाव ठरतं. त्यावर सुवासिक तेल. मग उकळता रस्सा. मग शेवया एका झटक्यात पाणी निथळून आत, चॉपस्टिकनं एकदा उचलून घडी घातल्यासारख्या आडव्या, आणि वर बाकीची सजावट. हे सगळं मिनिटभरात. आफुरीत कोंबडीच्या तेलाचं प्रमाण विचारतात, हलकं हवं की जरा जास्त. मी हलकं सांगते, तेल वाढलं की युझु दबतो.

बाबांच्या वाडग्यात सोनेरी, आरपार दिसणारा रस्सा होता. त्यावर तेलाचे बारीक गोल डोळे, मिझुना नावाची करकरीत हिरवी पाल्याची जुडी, नोरीचा, म्हणजे सुकवलेल्या समुद्री शेवाळाचा, एक काळा चौकोन आणि अर्धं अंडं, ज्याचा बलक मधासारखा घट्ट पण न गोठलेला. पहिली वाफ नाकात गेली तेव्हा ते म्हणाले, "लिंबू पिळलंय होय?" पिळलेलं नव्हतं. सालीचा वास होता तो.

शेवयांचं एक सांगायला हवं. त्या पिवळसर दिसतात म्हणून अंडं आहे असं वाटतं. काहींत असतंही, पण पिवळेपणा आणि तो चिवट ताण येतो 'कान्सुई'मुळे, म्हणजे सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या क्षारामुळे. आपल्याकडे उडदाच्या पिठात पापडखार घालतात, त्याच घराण्यातलं हे. याच शेवया गरम रश्श्यात पाच-सात मिनिटं राहिल्या की फुगून लिबलिबीत होतात. फोटो काढा, पण एकच.

आणि आवाज करा. फुर्रकन ओढून खाणं इथे वाईट मानत नाहीत; शेवया तोंडात जाता जाता जरा निवतात आणि वास नाकात चढतो. मला हे शिकायला सहा महिने लागले, कारण लहानपणी जेवताना आवाज केला की पाठीत धपाटा बसायचा, आणि तो घालणारे हेच गृहस्थ. बाबांना मात्र एक मिनिटही लागलं नाही. साठ वर्षं बशीतून चहा ओढलेला माणूस. शेजारचा सूटवाला त्यांच्याकडे वळून बघायला लागला, आणि ते कौतुक होतं हे मी खात्रीनं सांगते.

आता डुकराचं. रामेन म्हटलं की ते तीन ठिकाणी दडलेलं असू शकतं: रश्श्यात, तेलात आणि वरच्या मांसात. वरच्या कापांना चाशू म्हणतात, ते बहुतेक वेळा डुकराचंच. 'बुतानिकु नाशि दे' (डुकराचं मांस नको) म्हटलं तर काप काढतील, पण रस्सा बदलणार नाही. 'तोनकोत्सु' लिहिलेलं सरळ टाळा. डुकराची हाडं तासन् तास खळखळ उकळून तो रस्सा करतात, चरबी पाण्यात फेटली जाऊन दुधासारखा पांढरा होतो. कोल्हापूरकराला बघून पांढरा रस्साच आठवणार. पण आपला पांढरा होतो नारळ, तीळ, खसखशीनं, आणि हा नुसत्या हाडांनी. तुम्हाला तसाच दाट रस्सा हवा असेल तर 'तोरी पाइतान' शोधा. तेच तंत्र, पण कोंबडीवर. गिंझातलं कागारी यासाठी प्रसिद्ध आहे. आफुरीचा रस्सा कोंबडी आणि समुद्री मालाचा, पण चाशू येतं. बाबांच्या वाडग्यातून ते आधीच सांगून वगळलं. आणि इचिरान या प्रसिद्ध रामेन साखळीची खूप हौस असेल, ते फळ्या लावलेलं एकेकट्याचं काउंटर, पेन्सिलीनं भरायचा ऑर्डरचा कागद वगैरे, तर त्यांचं निशि-शिंजुकूचं दुकान डुकराशिवायचं रामेन देण्यासाठी ओळखलं जातं. इतर दुकानांत तोनकोत्सुच असतं, तेव्हा निघण्याआधी नकाशावर दुकान नीट बघून घ्या.

बायकोचा प्रश्न जास्त अवघड, आणि इथे गोड बोलून फसवणार नाही. साध्या दुकानात 'भाज्यांचं रामेन' म्हणून जे मिळतं त्यात भाज्या वर असतात, खाली कोंबडी किंवा डुक्कर. मिसो रामेन शाकाहारी असतं हाही गैरसमज आहे. मिसो सोयाबीनचा, पण रस्सा हाडांचा. मासा न दिसणाऱ्या रश्श्यातही बऱ्याचदा सुकवलेल्या बोनितो माशाचा अर्क असतो, आणि कित्येक जपानी लोकांच्या लेखी त्याला 'मांस' म्हणतच नाहीत. वाढणारी मुलगी "मांस नाही" म्हणाली तर ती खोटं बोलत नाहीये, तिचा अर्थ वेगळा आहे. म्हणून 'शाकाहारी' म्हणू नका, 'व्हीगन' म्हणा. तो शब्द आता इथे कळतो. आफुरीत व्हीगन रामेन मिळतं, कमळकाकडी घातलेल्या शेवयांचं. दोघांना एकाच ठिकाणी जेवायचं असेल तर तुमच्यासाठी हाच सोपा मार्ग.

पण माझी आई माळकरी, तिला मी नेलं टीज तानतानला. टोकियो स्टेशनच्या आत, केइयो लाइनकडे जाणाऱ्या वाटेवर आहे, पूर्ण व्हीगन. स्टेशनच्या गेटच्या आत असल्यामुळे प्रवासाला निघताना किंवा उतरल्यावर खाणं सोयीचं. नुसतं जेवायला जायचं तर फलाट तिकीट लागतं. तानतानमेन म्हणजे तिळाच्या दाट, किंचित तिखट रश्श्यातल्या शेवया. आईनं चिनी मातीच्या चमच्यानं दोन घोट घेतले आणि म्हणाली, "तिळाचं कूट भरपूर घातलंय. लसूण मात्र हातचा राखून." मग वाडगा पूर्ण संपवला. आल्यापासून पाच दिवस ती दहीभातावर होती, हेही सांगायला हवं. बरोबर एखादी चटणीची पुडी ठेवा, पण दुकानात उघडू नका.

वेळेचं म्हणाल तर दुपारी बारा ते एक आणि संध्याकाळी सात-साडेसात टाळा. तीनच्या सुमाराला गेलात तर बऱ्याच गाजलेल्या ठिकाणी सरळ आत घेतात. मात्र छोटी दुकानं दुपारी बंद असतात, आणि रस्सा संपला की वेळेआधीच पडदा उतरवतात. काउंटरवरून उठताना वाडगा वरच्या फळीवर ठेवला, समोरचं फडक्यानं पुसलं आणि 'गोचिसोसामा' (जेवणाबद्दल आभार) म्हटलं की आतला माणूस कढईतून डोकं वर काढून मोठ्यानं उत्तर देतो. हे सक्तीचं नाही, मला करायला आवडतं.

शेवया संपून रस्सा उरला तर तो प्यायलाच हवा असं काही नाही. मीठ भरपूर असतं, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर सोडून द्या. तोनकोत्सुच्या दुकानात अशा वेळी 'काएदामा' मागतात, म्हणजे उरलेल्या रश्श्यात शेवयांचा नवा पुंजका, आपल्या एक्स्ट्रा पावासारखा. आफुरीत बाबांनी वाडग्याच्या तळाशी उरलेल्या रश्श्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "एवढा रस्सा टाकून द्यायचा? भात नाही मिळत?" मला लाज वाटली, पण मशीनवर खरंच तसं बटण होतं. कितीतरी जपानी लोक हेच करतात, उरलेल्या रश्श्यात वाटीभर भात उलटा करतात. मी परत जाऊन कूपन काढलं. त्या बटणावर जपानीत लिहिलं होतं: 'राइसु'.